ब्रह्माथेरियमच्या डाव्या जबड्याबाबत

मी, तुकाराम भिकाजी आरेकर, वय वर्षे त्रेसष्ट, कस्टम कचेरीतून निवृत्त कारकून, राहणार मुरुड, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. छातीत कळ येते, पण ती डॉक्टरांच्या मते हृदयाची आहे. तिचा बुद्धीशी संबंध नाही. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी जोर केलेला नाही. माझ्यावर जोर चालवणारे या घरात एकच माणूस होते, माझी पत्नी येसूबाई, आणि ती गेल्या श्रावणात वारली. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नाही. केले असते तर सर्व तिलाच दिले असते आणि एका ओळीत काम आटोपले असते.

कलम १. राहते घर, पडवी व विहिरीचा निम्मा हक्क माझा पुतण्या शिवदास यास द्यावा. तो मुंबईस गोदीत नोकरीला आहे. घर विकू नकोस असे मी त्याला सांगणार नाही. मुंबईत राहणाऱ्याला मुरुडच्या घराचे काय करावे हे कळत नाही, हे मला ठाऊक आहे. मात्र विकलेच तर विहिरीपलीकडच्या सदाला विकू नये. त्याने माझी छत्री एका पावसाळ्यापुरती म्हणून नेली. आता दर पावसाळ्यात तो तीच छत्री उघडून माझ्या दारावरून जातो आणि वर विचारतो, "भाऊसाहेब, भिजलात वाटतं?"

कलम २. सुपारीची वाडी शिवदासला. मागच्या कुंपणाचे दोन माड मात्र शेजारीण भागुबाई हिला. भागुबाई बोलते फार, पण येसूबाईच्या आजारात तिची आंघोळ, वेणी, औषध सर्व तिने केले. मला ते करू दिले नाही. "पुरुषांना काय जमतंय, बाजूला व्हा" म्हणाली. याचा राग मनात होता, तो मी माड देऊन मिटवीत आहे.

कलम ३. पोस्टात जे काही आहे त्यातून माझे दिवसकार्य करावे, उरेल ते शिवदासचे. येसूबाईच्या पाटल्या व नथ शिवदासची बायको तुळशी हिला द्याव्यात. नथ येसूबाईने फारशी घातली नाही. नाक दुखते म्हणे. तुळशीचेही दुखले तर तिने घातलीच पाहिजे असे नाही.

कलम ४. स्वयंपाकघरात फळीखाली चिनी मातीची मोठी बरणी आहे. तिच्यात येसूबाईने गेल्या वैशाखात मिठात घातलेल्या कैऱ्या आहेत. त्यानंतर तिने काही घातले नाही. ती बरणी मी उघडलेली नाही. माझ्यामागे ती भागुबाईने घ्यावी किंवा ज्याला द्यायची त्याला द्यावी, फक्त अंबाजी तांडेल यास त्यातील एक फोडसुद्धा देऊ नये. या घरात बसून त्याने त्या कैऱ्या पेजेबरोबर पुष्कळ खाल्ल्या आहेत आणि प्रत्येक वेळी मोठ्याने वाखाणल्या आहेत. मीही खात होतो. मला मोठ्याने वाखाणता येत नाही.

कलम ५. माझ्या घरात एका जनावराचा दगड झालेला जबडा आहे. हे कलम लांबेल. वाचणाऱ्याने कंटाळू नये, कारण याच्यासाठीच मी लिहायला बसलो आहे.

येसूबाईचे माहेर खाडीपलीकडे दिघीचे. तेथे तिच्या घराला लागून अंबाजी हरी चोगले याचे घर. दोन घरांच्या मध्ये नुसते मेंदीचे कुंपण. बोर्ली पंचतनच्या बाजाराला दोन्ही घरची माणसे एकाच बैलगाडीतून जात. पुढे अंबाजी शिडाच्या मचव्याचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या झाला आणि सुपारी, नारळ भरून काठेवाडात घोघ्याला, भावनगरला जाऊ लागला. तिचे लग्न माझ्याशी झाले. मी तेव्हा जंजिरा संस्थानच्या जकात नाक्यावर होतो. अंबाजीचा मचवा मुरुडला लागला की तो आमच्याकडे येई. तो तिला नुसते येसू म्हणे.

आमच्याकडे बायको नवऱ्याचे नाव घेत नाही. येसूबाईने लग्नाच्या दिवशी उखाण्यात माझे नाव घेतले ते घेतले. त्यानंतर मी "अहो" झालो, पाहुण्यांपुढे "हे" झालो, भागुबाईपुढे "आमच्या घरात" झालो. अंबाजीचे नाव मात्र ती मोकळेपणी घेई. अंबाजी आला. अंबाजीचा मचवा दिसला का? अंबाजीला पेज वाढते, मग तुम्हांला वाढते. दिवसभर एका घरात एका पुरुषाचे नाव घेतले जावे आणि तो पुरुष घरधनी नसावा, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. माझे गेले.

संस्थान विलीन झाले त्या वर्षी अंबाजीने हा जबडा आणला. मचवा रिकामा परतत असला की वाऱ्याने उलटू नये म्हणून तळाशी दगड भरतात. त्याला नीरम म्हणतात. भावनगरच्या तोंडाशी पिरम नावाचे बेट आहे. तेथे ओहोटीला खडक उघडे पडतात. भरतीची वाट पाहत असताना अंबाजीने तेथले धोंडे नीरमाला उचलले, त्यात हा आला. मी नाक्यावरून घरी पोचलो तेव्हा तो पायरीवर बसला होता आणि जबडा येसूबाईच्या हातात होता.

"बरनीवर दाबाया बरा हाय," तो म्हणत होता.

"दगडाला दाढा कुठून आल्या रे, अंबाजी?"

"म्हून तर तुला आनला, येसू. मचव्यावर ठिवला आन् रातचा चावला म्हंजी?"

ती खूप हसली. ती माझ्या बोलण्याला अशी हसत नसे, कारण मी हसण्यासारखे काही बोलत नसे.

तेव्हापासून तो जबडा बरणीवर दडपण म्हणून राहिला. लोणच्यावर सगळेच दगड ठेवतात. पण येसूबाई याला महिन्या-महिन्याने खाली काढी, धुवी, खोबरेल तेल लावी. वसुबारसेला गाय-वासराची पूजा झाली की उरलेले कुंकू याच्या दाढेला लावी आणि पुढे गवताची काडी ठेवी. मी एकदा विचारले, हे कशाला? ती म्हणाली, "गाईचंच कुणीतरी असेल. बिचाऱ्याला घर नाही."

पुढे मुंबईच्या एका कॉलेजातले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक मुलांना घेऊन इकडचे खडक दाखवायला आले आणि पाणी प्यायला आमच्या पडवीत टेकले. उन्हात काढून ठेवलेला तो जबडा पाहून त्यांनी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. गृहस्थ फार सभ्य. त्यांनी येसूबाईला समोर बसवून सर्व समजावून सांगितले. हे जनावर म्हणजे ब्रह्माथेरियम, ब्रह्मदेवाचे जनावर. पायाला खूर, खाणे पाला, रवंथ करणारे. जिराफाच्या नात्यातले, पण मान तेवढी लांब नाही. अंगाने बैलाहून थोराड, डोक्यावर शिंगे, त्यांपैकी दोन मोठी एकाच बुडातून वर गेलेली.

येसूबाईने विचारले, "आता कुठे असतात ही?"

"आता कुठेच नाहीत, बाई. लाखो वर्षांपूर्वी हे कूळच संपलं."

"सगळीच?"

"सगळीच. मागे कुणी उरलं नाही."

तिने पदराच्या टोकाने जबडा पुसला. आम्हांला मूलबाळ नाही. ती तो कसा पुसत होती ते मी उभ्या उभ्या पाहत होतो.

मग प्राध्यापकांनी जबड्याच्या पुढच्या टोकावर बोट ठेवले. म्हणाले, हा डावा भाग आहे. येथे हनुवटीशी सुटला आहे. उजवा भाग मिळाला असता तर फार मोठी गोष्ट झाली असती. येसूबाई म्हणाली, "तो अंबाजीच्या मचव्यात आहे. नीरमात." मीठ फळीवर आहे, असे सांगावे तसे तिने सांगितले.

त्या क्षणापर्यंत मला वाटत होते की माझ्या घरात एक दगड आहे. त्यानंतर कळले की अर्धा आहे, आणि दुसरा अर्धा कोठे आहे हे तिला इतकी वर्षे माहीत आहे.

प्राध्यापकांनी वही काढली. "बाई, आपलं पूर्ण नाव सांगा."

येसूबाईने तोंडाला पदर लावला. कुंपणावरून भागुबाई ओरडली, "घे की गं नाव! उखाण्यात घे, सायबांनाही गंमत!"

"इश्श! हे उभे आहेत ना, हे सांगतील."

इतक्यात एस.टी.ने भोंगा वाजवला, मुलांनी "सर, गाडी, गाडी" केले, आणि प्राध्यापक "येसूबाई, मुरुड" एवढेच लिहून पळत सुटले. पुढे त्यांचे कार्ड आले. दोन्ही भाग मिळाल्यास कॉलेजच्या संग्रहात काचेच्या पेटीत जोडून ठेवू आणि पाटीवर लिहू: "येसूबाई व अंबाजी तांडेल यांजकडून". लग्नपत्रिकेत छापावीत तशी ती दोन नावे. मी कार्ड येसूबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." मी काही म्हणालो नाही, म्हणून जबडा बरणीवरच राहिला.

संस्थान गेल्यावर नाक्याची कस्टम कचेरी झाली, पण माझे काम तेच राहिले, मचव्यांच्या कागदांचे. रिकाम्या मचव्याच्या कागदावर आम्ही लिहीत असू, "माल नाही, नीरम." अंबाजीच्या कागदावर हे मी किती वेळा लिहिले असेल. म्हणजे तो उजवा जबडा माझ्याच सहीने समुद्रावर ये-जा करीत होता. त्याच्या मचव्याला जाण्याचा परवाना देताना माझे अक्षर सुंदर येई. आल्याची नोंद करताना टाक अडखळे.

माणूस माणसाचा हेवा करतो हे सर्वांना माहीत आहे. मी एका खुराच्या जनावराचाही केला, ज्याच्या कुळातले भांडायलासुद्धा कोणी शिल्लक नाही. त्याला तेल लागे, कुंकू लागे, गवत मिळे. शेवटच्या आजारात येसूबाई भागुबाईला म्हणाली, "त्याला जमिनीवर ठेवू नका, ओल धरेल." माझ्याविषयी काही म्हणाली नाही.

तरी माझी इच्छा अशी की, माझ्या मृत्यूनंतर हा डावा जबडा शिवदासने होडीतून बंदराबाहेर नेऊन खोल पाण्यात सोडावा. तो कॉलेजला देऊ नये. अंबाजीला देऊ नये. ज्या दोन गोष्टी या घरात एकत्र आल्या नाहीत त्या काचेच्या पेटीत एकत्र येण्याचे कारण नाही.

कलम ६. अंबाजी हरी चोगले याने माझ्या तिरडीला खांदा देऊ नये.

येथपर्यंत नवरात्रात लिहून ठेवले होते. सही करायची राहिली होती. त्यानंतर दसरा झाल्यावर जे घडले त्यामुळे पुढील मजकूर जोडीत आहे. वरचे खोडीत नाही. खाडाखोड दिसली की कोर्टात शंका घेतात.

अंबाजी दुपारचा आला. येसूबाईच्या तेराव्याला आला होता त्यानंतर प्रथमच. खांद्यावर गोणपाट होते. त्याने ते पायरीवर टेकवले आणि त्याच्याशेजारी स्वतः बसला. आता त्याला पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात ठेवावा लागतो. हे पाहून मला बरे वाटले, मग वाटले नाही.

"भाऊसाहेब, मचवा मोडीत काढला," तो म्हणाला. "पोरं म्हंत्यात, लॉरीनं माल जातो, शिडाला कोन ईचारतो? फळ्या सोडवल्या. नीरम किनाऱ्यावर टाकला. ह्यो येवढा उचलून आनला."

गोणपाटात उजवा जबडा होता. खाऱ्या पाण्यात, धोंड्यांवर घासून त्याच्या दाढा झिजल्या होत्या. आमच्याकडचा तेलाने काळाभोर आहे. दोन्ही एकाच तोंडातले आहेत असे कोणाला पटले नसते.

तो म्हणाला, "तो मास्तर म्हनला व्हता, दोनी मिळालं तर पेटीत ठिवू. येसूचं नाव लागंल. द्या तुमचा अर्धा. मी मांडव्यापातूर नेतो, तिथनं लाँच हाय."

मी नाही म्हणालो.

"का?"

मी इतक्या वर्षांत कधी विचारले नव्हते ते विचारले. "तू तिला अर्धाच का दिलास? अर्धा स्वतःजवळ का ठेवलास?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी कुठं ठिवला? आख्खाच आनला व्हता. दोनी तुकडं. ह्याच पायरीवर येसूनं ते येकमेकाला लावून बघितलं. तोंड उघडं झाल्यावानी दिसलं, तशी दचकली. म्हनली, अंबाजी, आख्खा जबडा घरात नको. आख्खा जबडा खायाला मागंल. घरात हे असत्यात. अर्धा तू ने, दर्यावर फिरू दे. अर्ध्या तोंडानं कुनाला खाता येत न्हाय. म्हून मी नेला. मचवा गळला, दोनदा नीरम बदलला, पर ह्यो काढला न्हाय. तिनं सांगितलं व्हतं."

मी विचारले, "हे तिने मला का नाही सांगितले?"

"तुमी शिकलेलं. हसला असता."

"मी हसलो नसतो."

"तर मग भांडला असता."

"आणि तू हसला नाहीस?"

"मी खलाशी हाय, भाऊसाहेब. आमी समद्यालाच भितो."

ती मला भीत होती असे मला वाटे. ती माझ्यासाठी भीत होती. हे कळून आनंद व्हावयास हवा होता. झालाही. परंतु त्याबरोबर हेही मनात आले की, ही गोष्ट तिने त्याला सांगितली, मला नाही. माझ्या जिवाची काळजी माझ्या बायकोने दुसऱ्या पुरुषाजवळ ठेवायला दिली आणि त्याने ती अकरा वर्षे मचव्याच्या तळाशी सांभाळली. यासाठी मी त्याचा आभारी आहे, आणि यासाठीच त्याचा हेवा पूर्वीपेक्षा जास्त वाटतो. दोन्ही खरे आहे. वकिलाने यातून एकच निवडू नये.

दुपारची वेळ होती. पेज शिजलेली होती. बरोबर द्यायला दुसरे काही नव्हते, म्हणून बरणी उघडली. कैऱ्या चांगल्या मुरल्या आहेत. अंबाजी एक फोड तोंडात घालून नेहमीप्रमाणे मोठ्याने काही म्हणणार होता, पण म्हणाला नाही. डोळे पुसून पेज प्यायला. मग मीच म्हणालो, "कैरी फार छान झाली आहे." ऐकायला तो एकटाच होता.

सबब,

कलम ७. कलम ४ आपोआप रद्द झाले आहे. बरणी अर्धी उरली आहे. ती माझ्या हयातीत संपेल असे दिसते, कारण अंबाजी आता आठवड्याच्या बाजाराला येतो.

कलम ८. कलम ५ मधील जबडा पाण्यात सोडण्याची सूचना मी मागे घेत आहे. मी जिवंत असेपर्यंत दोन्ही भाग एका छपराखाली येऊ नयेत. ही माझ्या पत्नीची इच्छा आहे आणि ती मला परस्पर कळली असली तरी मान्य आहे. त्या दिवशी संध्याकाळी अंबाजीने आपले गोणपाट उचलून परत दिघीला नेले. एवढ्या वजनाने त्याला त्रास झाला. मी खाडीपर्यंत एक बाजू धरली.

माझ्यामागे या घरात खाण्याजोगा पुरुष उरणार नाही. तेव्हा शिवदासने दोन्ही भाग कॉलेजात पोचते करावेत. नेताना दोन वेगळ्या गोण्यांत घालावेत आणि लाँचमध्ये एक एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला ठेवावा. कारण शिवदासही पुरुष आहे आणि तुळशीला काळजी वाटेल. काचेच्या पेटीत गेल्यावर खुशाल जोडावेत. ते बिचारे जनावर पुष्कळ वर्षे उपाशी आहे.

कलम ९. पेटीवरील पाटीचा मजकूर पुढीलप्रमाणेच असावा. यात बदल केल्यास देणगी रद्द समजावी व दोन्ही भाग परत आणावेत.

"ब्रह्माथेरियम. खालचा जबडा, पिरम बेट. येसूबाई तुकाराम आरेकर, मुरुड, व अंबाजी हरी चोगले, दिघी, यांजकडून."

जागा अपुरी पडल्यास जनावराचे नाव लहान अक्षरांत घ्यावे, माझे गाळू नये. तिने ते आयुष्यात एकदाच घेतले. आता जो कोणी ही पाटी वाचील त्याला तिच्या नावापाठोपाठ ते घ्यावे लागेल.

कलम १०. कलम ६ मध्ये दुरुस्ती. अंबाजीस खांदा द्यावयाचा असल्यास द्यावा, परंतु मागच्या बाजूने. पुढे शिवदास राहील.

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवले. भागुबाईला दोन माड दिले असल्यामुळे कायद्याने तिला साक्ष घालता येत नाही. त्याबद्दल ती नाराज आहे, पण कुंपणावरून तिने सर्व ऐकले आहे. कलम ९ वाचून झाल्यावर अंबाजी म्हणाला, "म्हंजी भाऊसाहेब, येसूच्या आन् माझ्या मधी तुमी."

मी म्हणालो, "होय."

तो म्हणाला, "पयल्यापासनं व्हताच की."

हे त्याने साक्षीदार या नात्याने म्हटले असल्याने येथे नोंदवून ठेवले आहे. यापुढे मला काही लिहावयाचे नाही.

मुक्काम मुरुड, वसुबारस, शके १८८१, ऑक्टोबर १९५९.

सही: तुकाराम भिकाजी आरेकर

साक्षीदार:
१. काळूराम विठोबा वाघरे, पोस्टमन, मुरुड. सही.
२. अंबाजी हरी चोगले, तांडेल, दिघी. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. नाव तुकाराम आरेकर यांनी लिहिले.